टीबी ओपीडीत कोणकोणत्या रूपानं येतो: मराठवाड्यातल्या जनरल प्रॅक्टिसमधून

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याकडं टीबीचा पेशंट "मला टीबी झालाय" म्हणत येत नाही. तो म्हणतो, डॉक्टरसाहेब कणकण हाय, जेवण जात नाही, अंगात जीवच राहिला नाही बघा, एक सलाईन लावा. म्हातारी म्हणते पाठीत भरलंय. कॉलेजातलं पोरगं म्हणतं श्वास घेतला की बरगडीत चमक निघते. आई लेकराला कडेवर घेऊन येते आणि म्हणते ह्याला खाल्लेलं अंगीच लागत नाही. ह्या सगळ्यांच्या मागं टीबी असतोच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच, पण ज्या थोड्यांच्या मागं असतो त्यांचे पहिले दोन-तीन महिने मेडिकल दुकान, गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा डॉक्टर ह्या फेऱ्यातच जातात. मला सांगायचंय ते एवढंच, की टीबी कोणाच्या अंगात कसा दिसतो हे पेशंटला आणि डॉक्टरला दोघांना माहीत असलं तर हे महिने वाचतात.

आधी आकडा. २०२३ साली जगात अंदाजे १ कोटी ८ लाख लोकांना नव्यानं टीबी झाला आणि साडेबारा लाख लोक त्यानं गेले, आणि त्या नव्या पेशंटांपैकी २६ टक्के आपल्या देशातले. म्हणजे जगातला चौथा पेशंट आपला. २०१९ ते २०२१ मध्ये सरकारनं देशभर फिरून सर्वे केला होता, त्यात दोन गोष्टी निघाल्या त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्यांना टीबीसारखी लक्षणं होती त्यातल्या जवळपास ६४ टक्के लोकांनी कुठंच दाखवलेलं नव्हतं. दोन, जे पेशंट सापडले त्यातले सुमारे ४३ टक्के फक्त छातीचा एक्सरे काढला म्हणून सापडले, नुसतं "खोकला आहे का, ताप आहे का" विचारून ते सुटून गेले असते. म्हणून "खोकला नाही म्हणजे टीबी नाही" हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते आधी काढून टाकायला पाहिजे.

आता हा जंतू असा लपून का राहतो ते बघू. १८८२ साली २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला, म्हणून २४ मार्च जागतिक क्षयरोग दिन. ह्या जंतूची खासियत म्हणजे तो फार सावकाश वाढतो. जुलाबाचे साधे जंतू पोषक जागा मिळाली तर वीस मिनिटात एकाचे दोन होतात, टीबीच्या जंतूला त्याच कामाला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून न्यूमोनियाचा माणूस तीन दिवसात झोपतो आणि टीबीचा माणूस तीन महिने शेतात जात राहतो, मोटार चालू करतो, बाजार करतो, फक्त पँट सैल होत जाते आणि घरचे म्हणतात उन्हानं वाळलाय. त्यात ह्या जंतूच्या भोवती मेणासारखं जाड आवरण असतं, त्यामुळं साध्या अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना नीट सांगितली जात नाही. जंतू अंगात जाणं वेगळं आणि टीबीचा आजार होणं वेगळं. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येच्या अंगात हा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो असा अंदाज आहे, पण त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती त्याला आयुष्यभर दाबून ठेवते. मग तो उठतो कोणाच्या अंगात, तर ज्याचं पोट नीट भरत नाही, ज्याला शुगर आहे, एचआयव्ही आहे, जो बिडी-दारूत आहे, जो खडी क्रशरवर दगडाची धूळ खातो, ज्याला किडनीचा आजार आहे किंवा कशासाठी तरी स्टिरॉईड चालू आहे, आणि लहान लेकरं. म्हणून मी तर म्हणेन टीबीचा संशय घेताना खोकला किती दिवसांचा ह्याच्या इतकंच समोरचा माणूस कोण आहे, काय काम करतो, घरात कोणाला झाला होता का, हे विचारणं गरजेचं आहे.

सगळ्यात ओळखीचं रूप फुप्फुसाचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री घाम येऊन बनियन ओलं होणं, भूक मरणं, वजन उतरणं. बेडक्यात रक्त आलं तर माणूस घाबरून त्याच दिवशी येतो, पण रक्त पुष्कळ पेशंटांना येतच नाही, त्यामुळं त्याची वाट बघू नये. एक्सरेत बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग किंवा पोकळी दिसते. हाच प्रकार हवेतून पसरतो, आणि ज्याच्या फुप्फुसात पोकळी आहे तो सगळ्यात जास्त पसरवतो.

पण शुगरवाल्या माणसात हे चित्र बदलतं. मराठवाड्यात आता खेड्यापाड्यात शुगर आहे, पन्नाशीचा शेतकरी, किराणा दुकानदार, रिटायर गुरुजी, सगळ्यांच्या खिशात गोळी आहे. शुगर असली की टीबीची शक्यता दोन ते तीन पट वाढते. आणि एक्सरेत डाग वर दिसण्याऐवजी बऱ्याचदा खालच्या भागात दिसतो, तो न्यूमोनियासारखा वाटतो आणि त्याच्यावरच उपचार सुरू होतात. मला ह्यात एक खूण फार उपयोगी वाटते, ती म्हणजे आतापर्यंत गोळीवर नीट असलेली शुगर कारण नसताना एकदम २५०-३०० च्या वर जायला लागली, वजन उतरलं, आणि थोडा का होईना खोकला आहे, तर गोळीचा डोस वाढवायच्या आधी एक्सरे काढा आणि बेडका पाठवा. उलट बाजूनं पण तेच, टीबी निघाला की प्रत्येकाची शुगर आणि एचआयव्ही तपासायचीच, हा सरकारी कार्यक्रमाचा नियमच आहे. टीबीचं औषध सुरू झाल्यावर त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळं शुगरच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो, त्यामुळं शुगर चढली म्हणून पेशंटला "तुम्ही गोड खाताय" म्हणून रागावण्याआधी हे बघावं.

तरुण पोरांमध्ये दोन रूपं जास्त बघायला मिळतात. पहिलं छातीत पाणी होणं. लातूरला नाहीतर संभाजीनगरला क्लाससाठी ठेवलेलं अठरा-वीस वर्षांचं पोरगं, एका खोलीत चार-चार जण, मेसचं जेवण, खिडकी बंद. त्याला आठ-पंधरा दिवस ताप, एका बाजूला बरगडीत दुखतं, कोरडा खोकला, मग जिना चढताना दम. छातीत पाणी निघतं, सुईनं काढलं की बहुतेकदा पिवळसर असतं, त्यात लिंफोसाईट नावाच्या पेशी जास्त आणि एडीए नावाचं एन्झाइम वाढलेलं. ह्या पोरांचा बेडका बऱ्याचदा निगेटिव्ह येतो, कारण रोग फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात असतो, म्हणून "बेडका निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही" असं ह्यांना सांगून घरी पाठवू नये. आणि ज्यांच्या फुप्फुसात रोग नाही, नुसतं पाणीच आहे, त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका फार थोडा असतो, हे हॉस्टेलवाल्यांना समजावून सांगावं लागतं नाहीतर ते पोराची गादी बाहेर टाकतात.

दुसरं रूप मानेच्या गाठी. गाठ दुखत नाही म्हणून महिना-महिना कोणी दाखवत नाही, ओढणीखाली झाकली जाते. हळूहळू एकाच्या दोन-तीन होतात, एकमेकींना चिकटतात, काही मऊ पडतात आणि फुटून पू येत राहतो, जखम भरतच नाही. अशा गाठीला नुसती सुई टोचून पाणी किंवा पेशी काढून तपासायला पाठवायच्या आणि त्यातलाच थोडा भाग सीबीनॅटला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर तपासायला, पाठवायचा. अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, कारण लिंफोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला अगदी अशीच लागते हाताला, आणि तिथं गेलेले सहा महिने परत येत नाहीत. आणखी एक, औषध चालू असताना कधी कधी गाठ उलट मोठी होते किंवा नवी येते. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया म्हणून हे होऊ शकतं, म्हणून पेशंटनं गोळ्या फेकून न देता आधी दाखवायला यावं.

पाठीचा टीबी मला सगळ्यात जास्त छळतो कारण पाठ न दुखणारा माणूस आपल्याकडं कमीच. दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, सोयाबीनची पोती उचलणारा हमाल, सगळ्यांची पाठ दुखते. मग कोणाचा एक्सरे काढायचा आणि कोणाला मलम देऊन पाठवायचं? तर जी पाठ आराम केला तरी दुखते, रात्री झोपेतून उठवते, आठवड्यांमागून आठवडे वाढतच जाते, मणक्याच्या एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, आणि बरोबर ताप किंवा वजन उतरणं आहे, ती पाठ वेगळी. तिला इंजेक्शनवर ठेवायचं नाही, एमआरआय करायला पाठवायचं, आणि पायात मुंग्या, पाय जड पडणं, चालताना चप्पल निसटणं, लघवीला त्रास असं काही सुरू झालं तर त्याच दिवशी पाठवायचं. मणका दबला आणि वेळ गेला की पाय कायमचे जाऊ शकतात. मालिशवाल्याकडं मणका "बसवायला" नेऊ नये, हे मी हात जोडून सांगतो. मणक्याच्या टीबीचं औषध सहा महिन्यात थांबत नाही, वर्षभर तरी चालतं.

पोटाचा टीबी म्हणजे महिनोन्महिने येऊन-जाऊन दुखणारं पोट, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, जेवल्यावर पोटात गुडगुड होऊन कळ, उजव्या बाजूला खाली गोळा लागणं, काहींना पोटात पाणी. त्याला आधी गॅस म्हणतात, मग अपेंडिक्स म्हणतात. बायकांमध्ये गर्भाशयाच्या नळ्यांचा टीबी तर काहीच न बोलता बसलेला असतो, ताप नाही खोकला नाही, फक्त पाळी कमी होत जाते आणि मूल राहत नाही. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली ताई सगळीकडं अंगारे-धुपारे करून येते, सासरी बोलणी खाते, आणि कारण असतं कधीतरी लहानपणी अंगात गेलेला हा जंतू. आणि हा टीबी कोणाला लागत नाही, नवऱ्याला नाही लेकराला नाही. हे वाक्य डॉक्टरनं सासूच्या समोर म्हणावं, नुसतं त्या ताईला एकटीला सांगून उपयोग होत नाही.

लेकरांबद्दल थांबून सांगतो. लहान पोरांना खोकून बेडका काढताच येत नाही, तपासायला काही मिळत नाही, आणि त्यांच्यात जंतूही कमी असतात. त्यांच्यात वजन न वाढणं किंवा उतरणं, दोन आठवड्यांवर चाललेला ताप, खेळायचं सोडून मुरगळून बसणं, हीच लक्षणं. आणि सगळ्यात मोठी खूण घरातच असते, खोकणारा आजोबा किंवा नुकतीच टीबीची गोळी सुरू झालेली आत्या. लेकराला टीबी निघाला म्हणजे त्याच्या आसपास एखादा मोठा माणूस जंतू सोडतोय असं धरून घरातल्या सगळ्यांना तपासायचं. सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढून त्यात जंतू शोधता येतो, कारण रात्री गिळलेला बेडका पोटात असतो. जन्मल्यावर देतात ती बीसीजीची लस १९२१ पासून वापरात आहे, ती लेकरांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बरीच वाचवते, पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या टीबीला अडवायला ती पुरत नाही.

आणि मेंदूच्या आवरणाचा टीबी. आठ-पंधरा दिवस बारीक ताप, डोकं दुखतंय, लेकरू किरकिर करतंय, मग उलट्या, मग डोळा तिरळा दिसायला लागणं, झोपाळूपणा, मोठं माणूस असेल तर बडबड किंवा वागणं बदलणं. इथं गावाकडं "बाहेरचं झालंय" म्हणून दोन-तीन दिवस उताऱ्यात जातात आणि तेच दिवस सगळ्यात महागाचे असतात. अशा पेशंटला तालुक्याला थांबवून ठेवायचंच नाही, थेट मोठ्या दवाखान्यात, संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या मेडिकल कॉलेजला, जे जवळ असेल तिथं.

म्हाताऱ्या माणसांचं, बिडी ओढणाऱ्यांचं आणि क्रशरवाल्यांचं एकत्र सांगतो कारण तिघांचाही खोकला जुना असतो. "माझा खोकला वीस वर्षांचा हाय" असं बाबा म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. त्यांना विचारायचं, खोकला बदललाय का, बेडका वाढलाय का, वजन किती उतरलं. दगडाच्या धुळीनं फुप्फुस कडक होतं त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि अशा फुप्फुसात टीबी कितीतरी पटीनं जास्त होतो. खडी क्रशर, सुरुंग लावून विहीर खोदणं, दगड फोडणं ह्यात वर्षं घालवलेल्या माणसाचा दम नुसता दमा समजून पंप देऊन पाठवू नका, एकदा एक्सरे बघा.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं लिहायचाय तो. पेशंट आधी मेडिकलवर जातो, तिथं खोकल्याचं औषध मिळतं. मग गावातल्या डॉक्टरकडं, तिथं एक अँटिबायोटिक. थोडा फरक, पुन्हा ताप. मग दुसरं "पॉवरचं" अँटिबायोटिक, आणि ते बऱ्याचदा लिव्होफ्लॉक्सासिन असतं. गडबड इथंच होते. लिव्होफ्लॉक्सासिन आणि त्याच्या जातीतली औषधं टीबीच्या जंतूलाही मारतात, पण एकटी पडून पूर्ण मारू शकत नाहीत. पेशंटला आठवडाभर एकदम बरं वाटतं, ताप जातो, डॉक्टर चांगला वाटतो, त्याच काळात बेडका तपासला तर निगेटिव्ह येऊ शकतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळं परत सुरू. वरून जंतू त्या औषधाला सरावायला लागतो, जे औषध पुढं हट्टी टीबीसाठी राखून ठेवलेलं असतं. स्टिरॉईडच्या सुईचं पण तसंच, भूक लागते, अंगदुखी जाते, माणूस खूश, आणि आत जंतूला मोकळं रान. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप असेल तर दुसरं अँटिबायोटिक लिहायच्या आधी बेडका तपासणीची चिठ्ठी लिहायची, एवढं एक जरी आम्ही सगळ्यांनी पाळलं तरी पुष्कळ फरक पडेल. आणि पेशंटनंही बिनधास्त विचारावं, "डॉक्टरसाहेब, बेडका तपासायचा का?" त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. बेडका म्हणजे लाळ नाही, सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका, आणि तो उघड्या जागेत जाऊन काढायचा, घरात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीत साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात, त्यामुळं थोडे असले तर ती तपासणी चुकते. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ह्या मशीन थेट जंतूचा डीएनए शोधतात, त्यामुळं फार कमी जंतू असले तरी पकडतात, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का नाही हेही सांगतात, सीबीनॅटला साधारण दोन तास पुरतात. ट्रूनॅट तर आपल्याच देशातल्या गोव्याच्या कंपनीनं बनवलेलं, ते छोट्या दवाखान्यात पण चालतं. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, मात्र दोन ते सहा आठवडे लागतात, कारण तेच, जंतू सावकाश वाढतो. रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातलीय. आणि मांटूची सुई हातावर फुगली किंवा टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहे असं होत नाही, जंतू कधीतरी अंगात गेलाय एवढंच त्यातून कळतं.

एक्सरेवरचा डाग बघून थेट गोळ्या सुरू करणं हा पण एक पॅटर्नच झालाय. जुना बरा झालेला टीबी पण डाग ठेवून जातो आणि त्या जुन्या जागेतून पुढं कधी रक्तही येऊ शकतं, टीबी परत उठलेला नसताना. म्हणून आधी झालेला असला तरी बेडका नव्यानं तपासायचा, आणि अशा माणसात औषधाला न जुमानणारा जंतू असायची शक्यता जास्त, म्हणून सीबीनॅट तर हवंच हवं.

सहा महिने आणि चार औषधं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यातला साधारण दहा लाखात एखादा जंतू जन्मतःच आयसोनियाझिड ह्या औषधाला दाद देत नाही, रिफॅम्पिसिनला दाद न देणारा त्याहून दुर्मिळ. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो एखादा उरून त्याचीच पैदास वाढते. दोन-तीन औषधं बरोबर दिली की दोघांनाही दाद न देणारा जंतू असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाईड, इथॅम्ब्युटॉल), पुढचे चार महिने तीन औषधं, रोज, वजनाप्रमाणे. आणि लवकर थांबवायचं का नाही, तर पहिल्या दोन महिन्यात पळणारे जंतू मरतात आणि माणसाला एकदम बरं वाटतं, पण काही जंतू झोपून राहिलेले असतात. हराळी वरवर खुरपली की रान स्वच्छ दिसतं, खाली मुळ्या राहिल्या तर पहिल्या पावसात परत येते, तसंच हे.

गोळ्यांचे त्रास आधीच सांगितले तर पेशंट टिकतो. लघवी, घाम, डोळ्याचं पाणी केशरी होतं, ते रिफॅम्पिसिनचं, घाबरायचं कारण नाही. सांधे दुखणं पायरॅझिनामाईडचं. हातापायाला मुंग्या आल्या तर त्यासाठी बी-६ ची गोळी देतात. पण भूक एकदम जाणं, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणं हे लिव्हरचं, आणि नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग नीट न कळणं हे इथॅम्ब्युटॉलचं, ह्या दोन्हीत गोळ्या लगेच थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. कुटुंब नियोजनाच्या तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा परिणाम रिफॅम्पिसिननं कमी होतो, म्हणून दुसरं साधन वापरायचं. दिवस गेलेले असले तरी ही नेहमीची चार औषधं चालतात, आणि लेकराला पाजायचं थांबवायचं नाही. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत पूर्वी दीड-दोन वर्षं गोळ्या आणि सुया असायच्या, आता बेडाक्विलिनसकट चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स २०२४ मध्ये आपल्या कार्यक्रमात मंजूर झालाय.

सहा महिन्यांचा विषय निघाला की बीड जिल्ह्यातल्या माणसाला ऊसतोड आठवतेच. दिवाळीच्या आसपास कोयता बाहेर पडतो तो मार्च-एप्रिललाच परततो, म्हणजे हंगाम पण साधारण सहा महिन्यांचा आणि औषध पण सहा महिन्यांचं. ज्याला सप्टेंबरात टीबी निघाला त्याची उचल घेऊन झालेली असते, मुकादम सोडत नाही, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता असल्यामुळं एक जण थांबला की दोघांचं काम थांबतं. मग तो महिनाभराच्या गोळ्या घेऊन सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात जातो, गोळ्या संपतात, बरंही वाटत असतं, आणि कोपीत बायको-लेकरं शेजारी झोपलेली असतात. ह्या माणसाला "कोर्स अर्धवट सोडू नका" असा उपदेश करून काही होत नाही. त्याला सांगायचं ते असं: तुझा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, देशात कुठंही चालतो, तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, निघायच्या आठ दिवस आधी टीबी युनिटच्या सुपरवायझरला कारखान्याचं नाव आणि गाव सांग, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात तुझी गोळी ट्रान्सफर होते. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा फुकट नंबर आहे. आशाताईला पण सांगून ठेव. आणि जमलंच तर पहिले दोन महिने तरी घरी थांब, त्यासाठी घरच्यांशी डॉक्टरनं स्वतः बोलावं, त्यांना समोर बसवून.

प्रायव्हेट डॉक्टरनं टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. लोकांना वाटतं नाव गेलं म्हणजे गावात बोभाटा होणार, पोरीचं लग्न मोडणार. नाव गावात जाहीर करण्यासाठी ते नसतं. नोंदणी झाली की फुकट गोळ्या, फुकट तपासण्या, आणि खाण्यासाठी पैसे बँक खात्यात येतात, २०१८ मध्ये ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले.

आणि खाण्याला कमी समजू नका. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स नावाच्या अभ्यासात टीबी पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांमध्ये नवीन टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि संसर्ग पसरवणाऱ्या प्रकाराचं तर ४८ टक्क्यांनी. त्यासाठी महागडी प्रोटीन पावडर लागत नाही, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हुलगे, हरभरे, शेंगदाणे, अंडी आणि उकळलेलं दूध. कच्चं दूध नको, जनावरांच्या टीबीचा जंतू त्यातून येऊ शकतो. दर महिन्याला वजन करायचं, पहिल्या दोन महिन्यात वजन वाढलंच नाही तर काहीतरी चुकतंय असं समजून परत तपासायचं, शुगर, गोळ्या खरंच पोटात जातायत का, औषध लागू पडतंय का.

घरी ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यातून, कपड्यातून, हात मिळवण्यातून लागत नाही, हवेतून लागतो. खिडकी उघडी, ऊन आत, खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पसरवण्याचा धोका बराच कमी होतो. माणसाला गोठ्यात झोपवायची गरज नाही. १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधनानं दाखवून दिलं होतं की घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोकाही होत नाही, आणि ते पेशंट मद्रासच्या गरीब दाटीवाटीच्या वस्तीतले होते.

घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्यायची, आणि ज्यांना आजार नाही त्यांना, विशेषतः पाच वर्षांखालच्या लेकरांना, टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या "धडधाकट पोराला कशाला औषध" म्हणून टाळू नयेत. कोर्स संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण परत उठला तर बहुतेकदा ह्याच काळात उठतो. आणि जुने एक्सरे, निक्षय आयडी, गोळ्यांचं कार्ड हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचं, कारण एक्सरेवरचा डाग आयुष्यभर दिसू शकतो आणि दहा वर्षांनी नवीन डॉक्टरला तो जुना का नवा हे शेजारी जुना एक्सरे धरल्यावरच कळतं.